चुकवलेलं दार

"दार चुकवायचं नाही, पोरी. कुणाचं दार आहे ते बघायचं नाही. दार आहे एवढं बघायचं, आणि द्यायचं."

सासूचा हा आवाज ओदिलला कधी कुठं ऐकू येईल याचा नेम नसे. पीठ चाळताना येई, कोंबड्यांना दाणे टाकताना येई, चर्चच्या गार फरशीवर गुडघे टेकताना तर हमखास येई. एर्नेस्तीनला जाऊन तीस वर्षं झाली होती, पण तिच्या आवाजाला मरण नव्हतं. आज तो आला तो गावच्या जुन्या धुण्याच्या कुंडापाशी, छपराखाली, सत्तर-ऐंशी माणसांच्या गर्दीत. सप्टेंबरातला वारशाचा रविवार होता. सगळ्या देशात त्या दिवशी जुन्या वास्तू लोकांना उघड्या करतात, आणि लेस्काल्मसारख्या सोळा उंबऱ्यांच्या गावातही तीन वर्षांपासून मोटारी येऊ लागल्या होत्या. कोरीन तीन वर्षांपूर्वी पॅरिसहून आली, तिनं आजीचं, फिलोमेनचं, बंद घर उघडलं, मंडळ काढलं, कुंडातला चिखल उपसला, आणि यंदा कुंडाच्या भिंतीवर सहा बटणं बसवली. बटण दाबलं की गावातलं कुणी म्हातारं माणूस बोलू लागे. चौथ्या बटणाखाली लिहिलं होतं, 'फिर्मां, पावाच्या फेरीविषयी'. ओदिलनं ते वाचलं, हातातली टोपली खाली ठेवली आणि बोटाला थोडं पीठ लागलं होतं ते एप्रनला पुसून बटण दाबलं. मार्चमध्ये पुरलेला तिचा नवरा बोलू लागला.

आधी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. पातळ चिनीमातीचा कप. ओदिलच्या घरात तसे कप नव्हते, जाड वाडगे होते. मग फिर्मां म्हणाला, "आमच्या उंबऱ्यापासून फिलोमेनच्या दारापर्यंत एकवीस पावलं. मोजलेली आहेत मी. अल्जीरियाला लढाईवर जायच्या आधीचा रविवार होता. पाळी आमची होती, पुढचं दार फिलोमेनचं. शांतो माझ्या हातात. दारात लूसेत उभी होती, हात पिठानं भरलेले. त्यांनी आधीच पीठ चाळून ठेवलं होतं, आमच्या तुकड्याची वाट बघत. पण आई सकाळी म्हणाली होती, त्या दारी थांबायचं नाही, पुढं जा. मी पुढं गेलो." आणि मग तो हसला. ओठ मिटून, नाकातून सुरू होऊन पोटात उतरणारं, लाजलेलं, ओलं असं ते हसू होतं. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात ओदिलनं ते एकदाही ऐकलं नव्हतं. तिनं बटणावरचं बोट चटका बसल्यासारखं उचललं. बोट उचललं म्हणून आवाज थांबला नाही. तो मागं बोलतच राहिला, आणि ती टोपली घेऊन गर्दीतून वाट काढत चढ चढू लागली.

शांतो म्हणजे पावाचा तुकडा, दुसरं काही नाही. ज्या घराची पाळी, त्या घरानं रविवारच्या प्रार्थनेसाठी मोठा पाव भाजायचा. फादर तो मंतरून देत, टोपलीतून तुकडे सगळ्यांना फिरत, आणि वरचा, क्रूस कोरलेला तुकडा काढून ठेवायचा. तो शांतो. प्रार्थना संपली की तो फडक्यात बांधून उजव्या हाताच्या पुढच्या दारी नेऊन द्यायचा. म्हणजे पाळी त्या घराकडे गेली. त्या घरची बाई तो वाळवून ठेवी आणि आपल्या वेळी कुस्करून नव्या पिठात मळी. असा एका पावात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, किती मागं जातो ते कुणालाच ठाऊक नाही. एर्नेस्तीन म्हणे, आपल्या पणजीच्या हातचा पाव अजून आपण खातोय. पूर्वी दर रविवारी असे, बारा घरं फेरीत होती. आता फादर आन्सेल्मना बावीस गावं सांभाळायची, ते महिन्याच्या चौथ्या रविवारी येत, आणि भाजणारी घरं चार उरली होती. ओदिल नवी नवरी होऊन आली तेव्हाच फिलोमेनचं दार बंद होतं. कुटुंब पॅरिसला गेलेलं, तिथं कोळसा विकत आणि गुत्ता चालवत होतं, एवढंच तिला कळलं. तिच्या घरापासून उजवीकडे ते पहिलंच दार. एर्नेस्तीननं शिकवलं होतं, थांबायचं, गाठोडं दाराला टेकवायचं, मग पुढं उर्सूलच्या घरी जायचं. मरताना तिनं ओदिलचं मनगट धरून वचन घेतलं होतं. दार चुकवणार नाहीस ना? ओदिलनं जपमाळेवर हात ठेवून 'नाही' म्हटलं होतं. बंद दाराला फडकं टेकवायचं वचन पाळायला काय जातं! तीस वर्षं तिनं पाळलं, कोरीन आल्यावरही ती भाजत नाही म्हणून फडकं नुसतं टेकवून पुढं गेली, आणि मनातून ती स्वतःला मोठी वचनाची बाई समजत आली.

घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या बाकावर बसली. टोपली मांडीवर तशीच. फिर्मां गेला त्या दिवसापासून तिनं नेम धरला होता: दुपारची बाराची घंटा झाली की त्याच्या नावानं माळेचे दहा मणी ओढायचे, त्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. आज घंटा होऊन गेली होती. तिनं माळ काढली, ओठ हलू लागले, आणि 'आम्ही क्षमा करतो तशी आम्हालाही कर' या ओळीशी येऊन जीभ अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. कप बशीत ठेवल्याचा तो आवाज मध्ये येत होता. माणूस किती कमी बोलायचा तिच्याशी! 'धुकं आहे.' 'तांबडी खात नाही आज.' 'कोयता कुठंय?' दिवसाला चार वाक्यं झाली तर डोक्यावरून पाणी. तिला वाटायचं, देवानं त्याला तेवढेच शब्द दिलेत, आणि ती ते चार शब्द पोत्यातल्या शेवटच्या दाण्यांसारखे पुरवून पुरवून वापरायची. आणि इकडे गेल्या हिवाळ्यात दर गुरुवारी तो टोपी घालून म्हणायचा, "कोरीनचं धुराडं बघून येतो." धुराडं! दोन महिने एक धुराडं! परत यायचा तेव्हा सूप निवलेलं असायचं, ती ते पुन्हा चुलीवर ठेवायची, आणि तो जेवताना गालातल्या गालात काही चघळत असल्यासारखा दिसायचा. ते थंडीचं, म्हातारपणाचं काहीतरी असेल असं तिला वाटलं होतं. आता कळलं की तिकडे तो दाण्यांची पोतीच्या पोती ओतून येत होता. परक्या बाईच्या खुर्चीत बसून, पातळ कपातून कॉफी पीत, आवाज टिपणाऱ्या यंत्रासमोर.

त्या यंत्राचा तिला मत्सर वाटला, मग खुर्चीचा, मग कोरीनच्या मोकळ्या सोडलेल्या पांढऱ्या केसांचा. सत्तावन्न वर्षांची बाई, पोरीसारखे केस सोडून फिरते. आणि सगळं गाव तिला 'फिलोमेनची कोरीन' म्हणतं. तीन वर्षांत फिलोमेनची झाली! ओदिल दरीच्या पलीकडच्या मोर्सांजची, डोळ्यांनी दिसणाऱ्या गावाची. तिनं इथं तीन गाईंची वासरं हातानं ओढून काढली, सासू-सासऱ्यांची तोंडं मरताना पुसली, नवरा पुरला, तरी अजून ती 'मोर्सांजवाली'. मुळं असली की माणूस पन्नास वर्षांनी आलं तरी आपलं, आणि मुळं नसली की पन्नास वर्षं राबलं तरी पाहुणं. पण या सगळ्या मत्सरांच्या खाली आणखी एक होता आणि तिला त्याची लाज वाटत होती. पिठानं हात भरलेली, दारात उभी असलेली, एकोणीस-वीस वर्षांची लूसेत. कोरीनची आई. ती तर पॅरिसच्या कुठल्याशा दवाखान्यात केव्हाच संपली. एकाहत्तर वर्षांची बाई मेलेल्या पोरीवर जळते याला काय म्हणावं? तिनं माळ खिशात टाकली आणि नेम न करताच वाळलेला पावाचा तुकडा सुपात बुडवून खाल्ला. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी उर्सूल काठी टेकत आली. ब्याऐंशी वर्षांची, दात तीन, जीभ मात्र शाबूत.

"काय गं मोर्सांजवाली, काल बटण दाबून पळालीस म्हणे?"

"पळाले नाही. कोंबड्या मोकळ्या होत्या."

"कोंबड्या! माझ्या मेल्या सासऱ्याच्या कोंबड्या!" उर्सूल बाकावर टेकली. "मी ऐकलं सगळं. दोनदा ऐकलं. फिर्मांला एवढं बोलता येत होतं, आणि तू जन्मभर मुक्या बैलाबरोबर राहिलीस."

ओदिल बटाटे सोलत राहिली. मग खाली मान घालूनच तिनं विचारलं, "एर्नेस्तीननं ते दार का चुकवलं?"

"का म्हणजे? फिलोमेनचा पाव फुगायचा. पांढरा, हलका, कापसासारखा. लोक चर्चमध्ये डोळे मिटून खायचे. एर्नेस्तीनचा मेला दगड! एकदा तुझ्या सासऱ्यानं फिलोमेनचा तुकडा खाताना डोळे मिटले. झालं." उर्सूल हसली. "आणि वर पोरगा त्या लूसेतकडे बघायला लागलेला. पाव पण त्यांचा बरा आणि पोरगी पण त्यांची बरी, बाईनं सोसायचं किती? सगळ्या गावासमोर दार चुकवलं. असं दार चुकवलेलं घर टिकतं होय? वर्षाच्या आत गेले ते. फिर्मां लढाईवरून आला तर कुलूप." तिनं काठी जवळ ओढली. "तर मी काय म्हणत होते, या रविवारी तुझी पाळी. तू सरळ माझ्याकडे दे तुकडा. ती बया प्रार्थनेला येत नाही, बाहेर भिंतीला टेकून उभी राहते. तिला काय करायचाय शांतो? काचेच्या कपाटात ठेवेल आणि खाली चिठ्ठी लावेल."

"तिनं विचारलंय मला. या खेपेला आमच्या दारी ना, म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"बघू म्हणाले."

"बघू!" उर्सूल खूश झाली. "अगदी एर्नेस्तीन बोलली बघ."

त्या आठवड्यात पुढच्या घरातून रोज करपलेल्या पावाचा वास येत होता. कोरीन सराव करत होती. ओदिलला उघड्या खिडकीतून कणीक ओट्यावर आपटल्याचा आवाज ऐकू येई, आणि त्या आवाजावरूनच कळे की पाणी जास्त झालंय, की अजून मळायला हवं, की ही बाई फार लवकर सोडून देते. ऐकून तिला बरं वाटे. असं बरं वाटतं तेव्हा छातीत गोड आणि पोटात आंबट होतं. करपू दे. बसू दे दगड होऊन. मंगळवारी कोरीन कुंपणापाशी आली, नाकाला पीठ. "ओदिलताई, माझा पाव मधे कच्चाच राहतो हो. काय चुकत असेल?" ओदिलला ठाऊक होतं काय चुकतं ते. ती म्हणाली, "भट्टीची सवय व्हावी लागते." आणि आत गेली. आत जाऊन तिला आठवलं की नवी नवरी असताना तिनं हाच प्रश्न एर्नेस्तीनला विचारला होता आणि एर्नेस्तीननं हेच उत्तर दिलं होतं, शब्दाला शब्द. पुढं दोन वर्षं तिचा पाव कच्चा निघत राहिला होता.

बुधवारी फादर आन्सेल्म त्यांच्या लहान गाडीतून आले. ते बेनिनचे, अंगानं दांडगे, हिवाळाभर दोन स्वेटर घालणारे. वयस्क बाईला आई म्हणायची त्यांच्या देशाची रीत त्यांनी सोडली नव्हती. "काय आई, रविवारचा पाव तुमचा. मी सकाळी न खाता येणार बरं का!" ओदिलनं त्यांना कॉफी दिली, जाड वाडग्यात, आणि किती दिवस ठरवून ठेवलेला प्रश्न विचारला. "फादर, जी बाई प्रार्थनेला येत नाही, तिच्या दारी शांतो द्यावा का?" ते नाही म्हणतील असं तिला वाटत होतं. नाही म्हणाले असते तर किती सोपं झालं असतं. नकार वरून आला की आपल्या हाताला डाग लागत नाही. फादरनी वाडगा दोन्ही हातांत धरून ऊब घेतली. "ही रीत तुमच्या गावची आहे, आई. मी पाहुणा. तुम्ही इथल्या घरच्या, तुम्हीच सांगायचं." ते सहज बोलले. तिला मात्र ते वाक्य पायात काटा जावा तसं गेलं. इथल्या घरच्या! यांना कुणी सांगितलं नाही वाटतं.

शुक्रवार तिच्या उपासाचा. पोट रिकामं असलं की डोकं स्वच्छ होतं असं तिला वाटे, पण त्या सकाळी डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, उर्सूल बोलली तेव्हापासून फिरत होती आणि तिनं तिच्याकडे पाठ केली होती. कोंबड्यांची अंडी काढताना ती समोर येऊन उभी राहिली. त्या रविवारी फिर्मां बाविसावं पाऊल न टाकता एकविसाव्या पावलावर थांबला असता, तर? लूसेतनं पिठाच्या हातांनी तुकडा घेतला असता. कुलूप लागलं नसतं. पस्तीस वर्षांचा, उदास, कमी बोलणारा गडी मोर्सांजच्या जत्रेत बाकावर एकटा बसला नसता, आणि पंचविशीची ओदिल त्याच्या शेजारी जाऊन बसली नसती. ही चूल, हे बाक, खिडकीतून दिसणारं अॅशचं झाड, तिच्या शेहेचाळीस वर्षांतला एकूणएक दिवस त्या चुकवलेल्या दारातून आला होता. ज्या मत्सरानं ते दार चुकवलं त्याच्याच उष्ट्यावर तिचा संसार झाला होता. अंडं हातात गरम होतं. सासू मरताना मनगट का एवढं घट्ट धरून होती ते तिला आज कळलं. ती आज्ञा नव्हती. स्वतःला जमलं नाही ते सुनेच्या पदरात टाकून म्हातारी निघून गेली होती.

मग ती कुंडाशी गेली. गाव सामसूम होतं, छपराच्या दगडी चकत्यांवरून धुकं थेंब होऊन पाण्यात पडत होतं. तिनं चौथं बटण दाबलं आणि या वेळी हात मागं घेतला नाही. कप. एकवीस पावलं. लूसेत. मी पुढं गेलो. ते हसू आलं, आणि पुन्हा तसंच लागलं, कमी नाही झालं. पण आवाज पुढं चालू राहिला. फिर्मां भट्टीविषयी बोलला, लाकडाविषयी, बर्फात एकदा शांतो हरवला आणि कुत्र्यानं शोधला त्याविषयी. तिचं नाव कुठंच नव्हतं. ओदिलनं शेवटापर्यंत कान दिला, त्या पंचवीस मिनिटांत एकदाही नव्हतं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फिर्मां म्हणाला, "निघतो आता. सूप निवेल. ती जेवायची थांबते."

कोरीनचा आवाज दुरून आला, "कोण थांबते?"

"कोण म्हणजे? घरची."

टोपी झटकल्याचा आवाज, आणि बटण आपोआप बंद झालं.

ओदिल कुंडाच्या काठावर बसली, जिथं पूर्वी बायका गुडघे टेकून धुणी धूत त्या झिजलेल्या दगडावर. घरची. लूसेत दारातली होती, कोरीन फिलोमेनची होती. घरची एकच होती. त्यानं नाव घेतलं नव्हतं. नाव बाहेरच्यांचं घ्यायचं असतं. तिनं काही तासभर आसवं गाळली नाहीत. तिला रागही आला होता, की मेल्या, हे तोंडावर म्हणायला काय झालं होतं! नाक पुसून तिनं माळ काढली. बाराची घंटा व्हायला अवकाश होता, तरी दहा मणी ओढले. क्षमेच्या ओळीशी जीभ अडली, ती थांबली, आणि अडखळतच पुढं गेली.

शनिवारी तिनं पाव भाजला. मागच्या पाळीच्या घरून आलेला, वाळवून ठेवलेला तुकडा तिनं कुस्करून कणकेत मळला. पाव चांगला झाला, फार फुगला नाही, तिचा कधीच फार फुगत नसे. रविवारी चर्चमध्ये बावीस माणसं होती. टोपली फिरली. फादरनी खरोखरच उपाशी माणसासारखा खाल्ला. उघड्या दारातून ओदिलला बाहेरच्या भिंतीशी कोरीन दिसत होती. कोट घातलेली, केस आज बांधलेले. ते बांधलेले केस पाहून ओदिलच्या छातीत पुन्हा तीच कळ आली, आधीसारखीच. तिला वाटलं होतं शुक्रवारी ती गेली. गेली नव्हती.

प्रार्थना संपल्यावर ती आधी घरी गेली, कारण फेरी घराच्या उंबऱ्यावरूनच सुरू करायची असते. क्रूस कोरलेला तुकडा तिनं एर्नेस्तीनच्या भरतकामाच्या फडक्यात बांधला. मग काही आठवून गाठ सोडली, फडताळातून आंबवणाच्या मडक्यातला मुठीएवढा गोळा काढला, ओल्या कापडात गुंडाळला आणि तोही आत ठेवला. कोरीनचं आंबवण कोवळं होतं. तेच चुकत होतं. सांगायला दोन शब्द लागले असते.

उंबऱ्यावर उर्सूल काठी टेकून उभी होतीच. "काय, माझ्याकडे ना?"

"तुझी पाळी तिच्यानंतर, उर्सूल."

"अगो बाई! आणि बघू म्हणाली होतीस ती?"

"बघितलं." ओदिल म्हणाली.

उर्सूलनं तोंड वाकडं केलं, पण काठी बाजूला घेतली. ओदिलनं गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि खाली पाऊल टाकलं. मत्सर काही घरी राहिला नाही. जुनं कुत्रं मागं येतं तसा तोही निघाला, आणि तिनं त्याला हाकललं नाही. पुढं, धुक्यात, फिलोमेनचं दार उघडं दिसत होतं. त्यात कुणीतरी उभं होतं, आणि त्याचे हात पांढरे होते. एक, दोन, तीन. फिर्मांची एकवीस झाली होती. तिची पावलं लहान, तिला जास्त लागणार होती.